सालपटांचा हार

नाशिक रोडहून निघालो तेव्हा टॅक्सीच्या डिकीत तीन बॅगा होत्या आणि माझ्या मांडीवर करंज्यांचा मोठा स्टीलचा डबा होता. डब्यात करंज्या नव्हत्या. सागवानी लाकडाच्या सालपटांचा एक हार होता, आणि तो मला आफ्रिकेत नेऊन घालायचा होता. कोणाला, ते ठरलेलं होतं. कुठे, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. घोटी येईपर्यंत आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, "आगं, डबा डिकीत ठेवला तर काय बिघडंल?" मी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

हे म्हणजे माझे यजमान. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सगळी नोकरी काढून निवृत्त झाले. मूळचे कळवणकडचे, त्यामुळे शहरात जन्म गेला तरी बोली काही सुटली नाही. मी नाशिक रोडच्याच एका शाळेत भूगोल शिकवायचे. आमची मुलगी प्रज्ञा झांबिया देशात, लुसाका शहरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. "आई, पप्पा, एकदा या तर खरं," असं ती तीन वर्षं म्हणत होती. शेवटी तिनेच तिकिटं पाठवली, तेव्हा आमचा नाइलाज झाला.

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ही बातमी जरा मिरवूनच टाकली. लगेच मार्थाबाईंचा फोन आला, "पगारे मॅडम, घरी येऊन जा. काम आहे."

मार्थाबाई आमच्या शाळेत हस्तकला शिकवायच्या. शरणपूरला जुन्या मिशनच्या वस्तीत राहतात. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने विझत चालली आहे; समोरचं थोडं दिसतं, तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी गेले तेव्हा त्यांनी मला एका जड सागवानी स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तो मोठा धबधबा बघायला जाणार ना? मग डॉक्टरांचे पुतळेही बघाल."

डॉक्टर म्हणजे आफ्रिकेच्या आतल्या मुलखात फिरलेले ते स्कॉटलंडचे जगप्रसिद्ध संशोधक. धबधब्याला आपल्या राणीचं नाव देऊन मोकळे झाले ते हेच. नववीच्या वर्गाला मी त्यांना इतकी वर्षं शिकवलं की ते आमचे नातेवाईक असल्यासारखे वाटतात. धबधब्याजवळच्या गावाचं नावच लिव्हिंग्स्टन आहे, तेव्हा नाव वेगळं सांगायला नको. मार्थाबाई त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात, मीही तसंच म्हणते.

मला जे पुस्तकात कधी भेटलं नव्हतं ते मार्थाबाईंनी सांगितलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली पोरं त्या काळी आमच्या नाशकात, याच शरणपूरला आणून ठेवली होती. मिशनच्या शाळेत ती शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, गोदावरीचं पाणी प्यायली. त्यातले काही जण पुढे डॉक्टरांबरोबर आफ्रिकेत गेले. तिकडे जंगलात डॉक्टर वारले, तेव्हा बरोबरच्यांनी त्यांचं काळीज एका झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत वाहून नेला. त्याआधी त्या झाडावर शरणपूरला शिकलेल्या एका पोराने अक्षरं कोरली. डॉक्टरांचं जगातलं पहिलं स्मारक ते. बाकीचे पुतळे मागून झाले.

"अक्षरं कोरायला त्याला माझ्या खापरपणजोबांनी शिकवलं," मार्थाबाई म्हणाल्या. "ते इथल्या सुतारशाळेत मिस्त्री होते. आमच्या घरात तरी असंच सांगत आलेत."

मग त्यांनी मला उठवलं, स्टूल उपडं केलं आणि माझं बोट धरून बैठकीच्या खालच्या बाजूला टेकवलं. तिथे एक छोटंसं पान कोरलेलं होतं. "ही त्यांची खूण. पुढची बाजू ज्याच्यासाठी वस्तू केली त्याची, मागची बाजू करणाऱ्याची. पुढे नाव घातलं तर मिस्त्री कानाखाली वाजवायचे म्हणे."

हार त्यांनी स्वतः केला होता. शेजारच्या सुताराकडून रंध्यातून निघालेली लांब, कुरळी सालपटं आणायची आणि दोऱ्यात ओवायची, ही त्यांच्या घरची रीत. आजोबा नाताळच्या आदल्या दिवशी हत्यारं पुसून त्यांना असा हार घालायचे. आता मार्थाबाई बोटांनीच ओवतात. "त्या पोरांचा एकही फोटो, एकही पुतळा मला कोणी दाखवला नाही. माझा पुतण्या स्कॉटलंडमध्ये आहे, तो डॉक्टरांच्या पुतळ्यांचे फोटो पाठवतो. एडिंबरोचा, ग्लासगोचा. सगळीकडे डॉक्टर एकटेच उभे. एवढा मुलूख फिरले, सामान कोणी उचललं? मॅडम, हार डॉक्टरांना नाही घालायचा. पोरांना घालायचा. आणि फोटो काढून आणा, मला दिसतंय तोवर."

एवढं ऐकल्यावर डबा डिकीत कसा ठेवणार?

लुसाकाच्या विमानतळावर तो डबा पहिल्यांदा उघडला गेला. लाकूड, बिया, रोपं तपासणाऱ्या एका गणवेशातल्या बाईंनी हार दोन बोटांनी उचलला आणि त्याचा वास घेतला.

"हे खायचं?"

"नाही, घालायचं."

"कोणाला?"

"तुमच्याकडची मुलं आमच्या गावात शिकायला होती, त्यांना."

"ती कुठे राहतात?"

"वारली. माझ्या मैत्रिणीच्या खापरपणजोबांच्या काळात."

बाईंनी वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी भिंग आणलं, सालपटांत किडा आहे का ते बघितलं, मग आमची तोंडं बघितली. किडा सापडला नाही. डबा बंद करून माझ्या हातात देताना ते गंभीरपणे म्हणाले, "फार उशीर केलात, बाई." काचेपलीकडे उभी असलेली प्रज्ञा मात्र घामाघूम झाली होती. तिला वाटलं, आईने लोणचं आणलं.

चार दिवस लेकीकडे आराम झाला. इथलं मुख्य जेवण म्हणजे न्शिमा (मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा). हाताने तोडायचा, बोटांनी वळायचा आणि भाजीत बुडवायचा. भाजी म्हणजे भोपळ्याची पानं, वर दाण्याचं कूट. मी हसायलाच लागले. हे तर आमच्याच घरचं जेवण, फक्त तिखट विसरलेलं. बरोबर कापेंटा (तळ्यातली बारीक वाळवलेली मासळी) आला, तसे आमचे हे खुर्चीत पुढे सरकले. "सुकट हाय ही. सरळ सुकट हाय," असं म्हणून त्यांनी नाशिकहून आणलेला ठेचा काढला आणि झांबिया देशाला मान्यता दिली.

मग धबधबा. लिव्हिंग्स्टन गावाबाहेर अर्ध्या तासावरूनच आभाळात पांढरे लोट दिसायला लागतात. स्थानिक लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या (गरजणारा धूर) म्हणतात आणि राणीच्या नावापेक्षा ते कितीतरी खरं आहे. नदी सपाट, निवांत चालत येते आणि एकाएकी जमिनीच्या फटीत कोसळते. समोरच्या कड्यावरच्या पुलावर आपण चालतो तेव्हा पाऊस खालून वर येतो. मी भूगोलाची बाई, पण तिथे सगळा भूगोल विसरले. रेनकोट घालूनही चिंब झाले, आणि रडले थोडी, ते कोणाला कळलं नाही.

ह्यांनी मात्र कठड्याला धरून बराच वेळ हिशेब केला. "लय पानी वाया चाललंय," ते म्हणाले. "इथं आपलं एकलहरे दहा वेळा चालंल."

"पप्पा, जग हे बघायला येतं."

"बघू दे ना. बघून झाल्यावर खाली टर्बाइन बसवायचं."

बाहेर पडताना बबूनची (मोठ्या जातीच्या माकडांची) टोळी वाटेत बसली होती. माझं माहेर वणीचं. सप्तशृंगीच्या गडावर माकडांना पुरून उरलेल्या बाईला कोण शिकवणार? खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं करायचं, की गडावरची माकडं पसार. मी वाकले. समोरचा बबून उठला, चालत आला, माझ्या खांद्यावरची चिवड्याची पिशवी काढून घेतली आणि तिथेच बसून शेंगदाणे वेचून खायला लागला. दुसऱ्याने डब्यावर हात ठेवला. मी कसलाही विचार न करता डबा खाली ठेवला आणि त्यावर बसले. प्रज्ञाने पळत जाऊन रखवालदाराला आणेपर्यंत मी तशीच बसून होते. तो फोटो ह्यांनी ग्रुपवर टाकला आहे, त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

डॉक्टरांचे पुतळे तिथून जवळच आहेत. एक झांबियाच्या बाजूला आणि एक पूल ओलांडून झिंबाब्वेच्या बाजूला, त्याहून जुना. दोन्हीकडे डॉक्टर पाण्याच्या आवाजात ताठ उभे. आम्ही पासपोर्टवर शिक्के मारून घेऊन दोन्ही बघितले.

आमच्या कॉलनीत पुतळा म्हटला की काही गोष्टी आपोआप होतात. जयंतीला चपला काढायच्या, शिडी चढायची, हार घालायचा, उतरून हात जोडायचे. त्या सवयीने पलीकडच्या पुतळ्यापुढे मी कधी चपला काढल्या ते मलाच कळलं नाही. ओल्या दगडावर अनवाणी उभी राहिले तसा एक पहारेकरी जवळ आला. "बाई, पाय दुखतायत का? तिकडे बाक आहे."

आम्ही बाकावर बसलो. डबा मधे. ह्यांनी डब्यावर टिचकी मारली.

"घाल इथंच. फोटो काढतो. मार्थाबाईंना काय, डॉक्टर हाय का पोरं हायत, कुठं दिसतंय आता?"

ते वाईट बोलले असं नाही. जिथल्या झाडाखाली डॉक्टरांचं काळीज पुरलं ते चितांबो तिथून फार लांब होतं, त्यांचे गुडघे दुखत होते, प्रज्ञाची रजा संपत आली होती. आणि खरं सांगते, एक क्षण मला पटलंही. हार झोकात दिसला असता. मार्थाबाईंनी फोटो डोळ्याजवळ धरला असता, मी म्हटलं असतं हीच ती जागा, आणि त्यांनी मानलं असतं. त्यांनी मानलं असतं म्हणूनच मला ते जमेना. ज्या बाईला दिसत नाही तिला खोटं दाखवणं म्हणजे तिच्या हातातली काठी काढून घेणं.

"मी चितांबोला जाणार," मी म्हटलं. "तुम्ही लुसाकात सुकट खात बसा."

ते बसले नाहीत, हे सांगायला हवं. लुसाकाहून उत्तरेचा हमरस्ता धरला तेव्हा मागच्या सीटवर गुडघ्याला पट्टा बांधून तेच पहिले येऊन बसले होते.

हा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना विरळ जंगल, आणि तांबं वाहणारे ट्रक. वाटेत बायका रताळी, मध आणि छत्रीएवढ्या अळंब्या विकायला बसलेल्या, कमरेला चितेंगे (छापील सुती कापड) गुंडाळलेलं. सेरेंजे गावात मुक्काम केला, सकाळी पुन्हा निघालो. शेवटी डांबर संपलं आणि लाल वाळूची वाट सुरू झाली. एका ओल्या खळग्यात गाडीचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. इथे ह्यांचा भाव वधारला. त्यांनी फांद्या तोडून चाकाखाली घातल्या, प्रज्ञाला पहिल्या गिअरमध्ये हळू सोडायला लावलं आणि गाडी बाहेर आली. "इमान उडवता येतं पोरीला, चिखल कळत नाय," असं म्हणत उरलेल्या वाटेत ते फार खूश होते. पोरीला विमान उडवता येत नाही, पण मी ते दुरुस्त केलं नाही.

चितांबोचं स्मारक म्हणजे झाडीतल्या मोकळ्या जागेत एक उंच दगडी खांब, वर क्रूस. पुतळा नाही. पक्षी सोडले तर आवाज नाही. देखरेख करणाऱ्या एक बाई झाडाखाली बसून शेंगा फोडत होत्या. प्रज्ञाने त्यांना बामायो (आई, वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात) अशी हाक मारली, म्हणून आम्हीही तेच म्हटलं. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं.

"अक्षरं कोरलेलं झाड कुठे आहे?" मी आल्या आल्या विचारलं.

"नाही ते आता. फार जुनी गोष्ट. झाड खराब व्हायला लागलं तेव्हा तोडलं, अक्षरांचा तुकडा विलायतेला नेला. झाड होतं तिथेच हा दगड उभा केला."

मी डबा घट्ट धरून उभी राहिले. एवढ्या लांब आले ती त्या अक्षरांसाठी. हार झाडाला बांधायचा, फोटोत अक्षरं घ्यायची, मार्थाबाईंच्या डोळ्याजवळ धरायची, असं मनात सगळं रचून ठेवलं होतं. खांबावरच्या पाट्या वाचल्या. डॉक्टरांचं नाव ठसठशीत होतं. मी शोधत होते ती नावं मला सापडली नाहीत.

"झाडावर काय काय कोरलं होतं?"

"डॉक्टरांचं नाव, दिवस. आणि बरोबरच्या तिघा म्होरक्यांची नावं," बामायो म्हणाल्या.

"आणि कोरणाऱ्याचं?"

"ते नव्हतं, असंच सांगतात." मग त्यांनी डब्याकडे बोट केलं. "यात काय आहे?"

मी उघडून दाखवलं. नाशिक, शरणपूर, सुतारशाळा, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हातातल्या शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या. "म्हणजे हा दगडासाठी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. दगड डॉक्टरांचा."

आमचे हे खांबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते. "आणि याला गळाबी नाय," ते म्हणाले. "घालनार कुठं?"

ते ऐकलं आणि मला मार्थाबाईंचं उपडं स्टूल आठवलं. बोटाखाली लागलेलं ते छोटं पान आठवलं. मी खांबाला वळसा घालून मागे गेले. पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी जमीन गुळगुळीत झाली होती. मागे गवत होतं, सावली होती, कोणी फारसं फिरकलेलं दिसत नव्हतं. ही बाजू करणाऱ्याची.

मी चपला काढल्या. बामायो माझ्या मागून आल्या होत्या, त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि स्वतःच्याही काढल्या. पायथ्याच्या दगडावर मी हार पसरून ठेवला. इतक्या प्रवासात एकही सालपट मोडलं नव्हतं. त्या काळपट दगडावर ते पिवळसर सागवान असं उजळून दिसलं की मला फार बरं वाटलं. ह्यांनी टोपी काढून हात जोडले, मग फोटो काढला.

"वाळवी खाईल हे. आठवडाही टिकणार नाही," बामायो म्हणाल्या.

"खाऊ दे."

त्यांनी मान हलवली आणि आपल्या ओच्यातल्या मूठभर शेंगा हाराशेजारी ठेवल्या. "चालून आली असतील," त्या म्हणाल्या. "भूक लागते."

निघताना मी नातोतेला (आभारी आहे) म्हटलं, ते चुकीच्या सुरात, पण त्यांना पोचलं.

परतीचं विमान, मुंबई, कसारा घाट. इगतपुरीला वडापाव खाल्ला, तेव्हा परत आल्यासारखं वाटलं. या प्रवासाने काय दिलं असं कोणी विचारलं तर धबधबा आहेच, पण मला एक खोडही लागली आहे. आता कुठलाही पुतळा दिसला की मी आधी मागे जाऊन येते. नाशकात पुतळे पुष्कळ आहेत, त्यामुळे ह्यांना बराच वेळ उभं राहावं लागतं.

मार्थाबाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेले. महिन्याभरात त्यांची नजर आणखी उतरली होती. फोटो मोठा करून मी त्यांच्या डोळ्यासमोर धरला. त्यांनी तो डावीकडे केला, जरा वर केला, नाकाला टेकेल इतका जवळ घेतला.

"काळ्यावर काहीतरी पिवळं आहे."

"तोच. तुमचा हार."

"कुठे आहे हा?"

मला भीती होती ती याच प्रश्नाची. पण सांगितलं. झाड राहिलेलं नाही, अक्षरं विलायतेत आहेत, तिथे फक्त डॉक्टरांचा खांब आहे. "म्हणून मी मागच्या बाजूला ठेवला," मी म्हटलं. "पुढे नाही."

त्यांनी फोटो मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले. मग विचारलं, "त्या झाडावर त्याने स्वतःचं नाव कोरलं होतं का?"

"नाही म्हणतात. डॉक्टरांचं, आणि बाकी तिघांचं. त्याचं नव्हतं."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्यांचा चेहरा उजळला. वर्गात एखाद्या मुलाने टाका बरोबर घातला की उजळायचा, तसाच. त्यांचा हात स्टुलाच्या बैठकीखाली गेला आणि ते पान चाचपून तिथेच थांबला.

"मग तो आमच्याच शाळेतला," त्या म्हणाल्या. "पुढे आपलं नाव घालायचं नाही, हे मिस्त्रींनी शिकवलेलं तो विसरला नाही. मागे घातलं असतं बिचाऱ्याने. पण पगारे मॅडम, उभ्या झाडाला मागची बाजू कुठे असते?"